पुंगळीचा खांदा

व्याह्यांनी खिशातून दोन वस्तू काढून जेवणाच्या टेबलावर उभ्या केल्या. एक होतं अख्खं काडतूस. दुसरी होती त्याच डब्यातल्या काडतुसाची, बार काढल्यानंतरची रिकामी पुंगळी. "तुम्ही आयुष्य लेथवर काढलंत," ते मला म्हणाले, "यात काय बिघडलंय ते सांगा."

दोन्ही शेजारी शेजारी धरल्यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. काडतुसाची पितळी पुंगळी बाटलीसारखी असते. खाली रुंद धड, वर उतरता खांदा, त्यावर गोळीला आवळून धरणारी मान. अख्ख्या काडतुसाची मान आठ-नऊ मिलिमीटर लांब होती. उडवलेल्या पुंगळीची जेमतेम निम्मी. खांदा तीनेक मिलिमीटर पुढे सरकला होता आणि मानेच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती. बुडाच्या थोडं वर पितळेवर एक फिकट, चकचकीत कडं उमटलं होतं. ते कडं पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. पितळ ताणलं जाऊन तुटायच्या बेतात आलं की असं कडं दिसतं. भोसरीच्या टूलरूममध्ये डीप ड्रॉइंगच्या डायवर पितळी कप ओढताना मी अशी कडी शेकड्यांनी पाहिली आहेत.

बंदुकीतलं मला फार कळत नाही. पण दाबाखाली पितळ साच्याचा आकार घेतं, एवढं पक्कं ठाऊक आहे. म्हणजे ही पुंगळी ज्या साच्यात फुगली तो साचा तिच्यासाठी केलेला नव्हता.

"किती बार काढलेत?" मी विचारलं.

"तीन. तिसऱ्याला तोंडावर गरम वारा आला, मग थांबलो."

पुढच्या महिन्यात तीच रायफल ते आमच्या दोघांच्या चौदा वर्षांच्या नातवाच्या हातात देणार होते.

सहा वर्षांपूर्वी मी कायमचा लेकीकडे, पेन्सिल्व्हेनियात आलो. राज्याच्या मध्यभागी, डोंगरांच्या लांबच लांब समांतर रांगा आहेत त्या भागात तिचं सासर आहे. हरणाची शिकार तिथे हौसेपुरती नसते, ती पंचांगातली तिथी असते. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा परंपरेने रायफलच्या मोसमाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी अनेक गावांत शाळांना सुट्टी. २०१९पासून मोसम शनिवारी सुरू होतो, पण जुनी माणसं अजून सोमवारच धरून बसतात. अंगावर २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड घालणं कायद्याने बंधनकारक. मारलेल्या हरणाचं मांस वर्षभर फ्रीजरमध्ये राहतं. मी स्वतः मांस खात नाही आणि बंदूक कधी खांद्याला लावलेली नाही. तरी गेल्या वर्षीचा अख्खा ऑक्टोबर मी एका रायफलच्या पोटातलं माप शोधण्यात घालवला, आणि त्या शोधात एका माणसाची ओळख झाली. तो माणूस मी येण्यापूर्वीच वारला होता.

ते व्याह्यांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात युरोपात पायदळात होते. १९४५ साली परत आले ते एक जर्मन मॉझर रायफल घेऊन. अमेरिकन सैनिकांना अशी हत्यारं रीतसर कागद करून घरी आणता येत, आणि हजारोंनी ती आणली. शिपायाच्या लांबोडक्या कॅनव्हासच्या पिशवीत, डफल बॅगेत, रायफल मावायची नाही. म्हणून पुढच्या लोखंडी कड्याखाली लाकडी दस्ता करवतीने कापायचा आणि दोन तुकडे पिशवीत कोंबायचे. आजही जुन्या बाजारात या खुणेला 'डफल कट' म्हणतात. आमच्या रायफलचा दस्ता तसाच कापलेला आहे. घरी आल्यावर त्यांनी तो पुन्हा जोडला नाही, तिथेच घासून गोल केला, बोल्टची सरळ दांडी तापवून खाली वाकवली आणि युद्धाच्या हत्याराची शिकारीची रायफल केली. बोल्ट जिथे बसतो त्या पोलादी कड्यावर 'बीवायएफ ४३' असा छाप आहे. बीवायएफ हे ओबर्नडॉर्फच्या मॉझर कारखान्याचं युद्धकाळातलं सांकेतिक नाव आणि ४३ म्हणजे १९४३.

हे कार्बाइन-९८के. मूळ घडण १८९८ची, हा आखूड नमुना १९३५चा, आणि अशा कोटीभराहून अधिक रायफली बनल्या. सगळ्या एकाच काडतुसाच्या, ८×५७. नळी आठ मिलिमीटरच्या गटातली, पुंगळी ५७ मिलिमीटर लांब. त्यामुळे व्याही दुकानात गेले, '८ मिमी मॉझर'चा डबा घेतला आणि निश्चिंत मनाने नेमबाजीच्या मैदानावर गेले. जर्मन रायफल, जर्मन काडतूस. यात चूक कुणी काढावी?

वडिलांच्या पत्र्याच्या डब्यात मात्र निराळंच काही होतं. त्यांनी हाताने भरलेली सतरा काडतुसं, आणि प्रत्येकाच्या बुडावर अमेरिकन फौजेच्या .३०-०६ या काडतुसाचा छाप. इथली माणसं त्याला थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात. १९०६ साली आलेलं, पुंगळी सुमारे ६३ मिलिमीटर. अमेरिकेत कुठल्याही गावात, किराणा आणि गळ विकणाऱ्या दुकानातसुद्धा मिळतं. व्याह्यांचे थोरले भाऊ म्हणायचे, बाबांनी रायफल थर्टी-ऑट-सिक्स करून घेतली होती. धाकटे म्हणायचे, छे, आठ मिलिमीटरच. नळीवर नव्या मापाची एकही खूण नाही. काडतुसं भरायची यंत्रं आणि डाय गराज सेलमध्ये कधीच विकले गेले होते. उरली ती एक वही. तीत पेन्सिलीने नीटनेटक्या ओळी: तारीख, दारूचं वजन, गोळीचं वजन, वारा, हरीण. रायफलचं नाव प्रत्येक ठिकाणी एकच, 'मॉझर'. माप कुठेच नाही. त्यांना ते ठाऊक होतं, मग लिहायचं कुणासाठी?

घराण्यातल्या वस्तूंचं असं फार होतं. आजीच्या लोणच्याच्या मिठाचं प्रमाण कुणी लिहून ठेवत नाही. पण लोणचं बिघडलं तर बरणी फेकता येते. इथे बिघाड गालापासून चार बोटांवर, तीन-चार हजार वातावरणांच्या दाबाने होतो.

पंचवीस मैलांवर एक गनस्मिथ आहे. कोलोरॅडोत ट्रिनिडॅड नावाचं गाव आहे, तिथल्या कॉलेजात बंदुकीच्या कारागिरीचा जुना अभ्यासक्रम चालतो, हा तिथे शिकलेला. महायुद्धानंतर काही वर्षं पार्कर ऑटो अ‍ॅक्ली तिथे शिकवत असत. काडतुसांच्या पुंगळ्या निरनिराळ्या मापांत फुगवून, मान रुंद-अरुंद करून नवी काडतुसं घडवण्याच्या छंदाचे ते एक मोठे गुरू. कारखान्यात न बनणाऱ्या, कुठल्याही प्रमाणात न बसणाऱ्या अशा काडतुसाला इथे वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. काही रानमांजरं पुढे माणसाळतात. पॉइंट टू-टू-टू-फिफ्टी हे असंच हौशी लोकांचं काडतूस, १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतलं. पॉइंट टू-फाइव्ह-ऑट-सिक्सला १९६९पर्यंत थांबावं लागलं. बाकीची रानातच राहतात.

गनस्मिथने पुंगळी पाहिली, डब्यातलं काडतूस पाहिलं, मान डोलावली. पण बोलला काही नाही. पेपरक्लिप सरळ करून तिचं टोक हुकासारखं वाकवलं आणि ते पुंगळीच्या आत, बुडाकडून वर, भिंतीवरून सावकाश ओढलं. मग तार माझ्या हातात दिली. बाहेर जिथे कडं दिसत होतं तिथेच आत तार अडकली. पितळ तिथे पातळ होऊन आतून चर पडला होता. "मॉझरच्या बोल्टचा पंजा पुंगळीचं बूड घट्ट धरून ठेवतो, म्हणून हे उडालं. त्यानेच वाचवलं," तो म्हणाला. "शिवाय या बोल्टला वायू बाहेर सोडायची भोकं आहेत आणि मागे आडवी चकती. पॉल मॉझरने ती या असल्या दिवसासाठीच ठेवली."

आणखी एक गोष्ट व्याह्यांच्या बाजूने होती. अमेरिकेत काडतुसांची मापं आणि दाब ठरवणारी संस्था सामी, १९२६ची. तिने ८×५७साठी कमाल दाब ३५,००० पीएसआय एवढाच ठरवलाय. युरोपातल्या सीआयपीची मर्यादा ३,९०० बार, म्हणजे सुमारे ५६,५०० पीएसआय. एकाच काडतुसाला दोन न्याय, कारण १८८८च्या जुन्या जर्मन रायफलींची नळी थोडी अरुंद होती, आणि कुणी चुकून नवं काडतूस तीत घातलं तर ती फुटू नये. अमेरिकन कारखाने म्हणून हे काडतूस मऊ भरतात. व्याह्यांनी युरोपात भरलेला डबा घेतला असता तर त्या टेबलावर पुंगळी आली असती की व्याह्यांचा चष्मा, हे मी सांगू शकत नाही.

मग चेंबरचा ठसा. नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस ज्या पोकळीत बसतं ते चेंबर. आत कॅलिपर जात नाही, म्हणून साचा ओततात. बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा एक मिश्रधातू आहे, सेरोसेफ. सत्तर अंशाला मऊ व्हायला लागतो, अठ्ठ्याऐंशीला पूर्ण वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्या आतच. नळीत थोडं पुढे कापडाचा बोळा बसवला, रायफल तोंड खाली करून उभी केली, आणि पितळी नळकांड्यातून चांदीसारखा रस आत सोडला. दार-खिडक्या उघड्या, कारण कॅडमियमची वाफ वाईट. मिनिटाभरात रस गोठला. पुढून दांडीने हलकेच ठोकल्यावर ठसा त्याच्या तळहातावर आला. हा धातू गोठताना आधी आकसतो आणि तासाभराने बरोबर चेंबरच्या मापाला येतो, म्हणून घाई करून चालत नाही. त्या तासात तिघंही त्या ठशाकडे बघत कॉफी पीत बसलो.

तास भरला. मायक्रोमीटर फिरला. धड थर्टी-ऑट-सिक्सचं. खांदा थर्टी-ऑट-सिक्सचा, बुडापासून १.९४८ इंचावर, म्हणजे ८×५७च्या खांद्याहून तीन मिलिमीटरांवर पुढे. मान मात्र आठ मिलिमीटरच्या गोळीची. दोन्ही भाऊ बरोबर होते आणि दोन्ही चूक. हे होतं आठ मिलिमीटर-ऑट-सिक्स, ८ मिमी-०६. कुठल्याही मोठ्या कारखान्याने कधीच न भरलेलं रानमांजर.

त्यामागचा विचार कळल्यावर मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. युद्धानंतर गावागावांत मॉझर रायफली आल्या, पण त्यांची काडतुसं मिळेनात, मिळाली तर मऊ. उलट थर्टी-ऑट-सिक्सच्या रिकाम्या पुंगळ्या फौजेच्या कृपेने पोत्यांनी पडलेल्या. आणि दोन्हींचं बूड जवळजवळ एकाच मापाचं. हा योगायोग नव्हे. स्प्रिंगफील्ड रायफल करताना अमेरिकन सरकारने मॉझरच्या घडणीतलं इतकं उचललं की पुढे कंपनीला दोन लाख डॉलर स्वामित्वधन द्यावं लागलं. त्यामुळे मॉझरचा बोल्ट थर्टी-ऑट-सिक्सचं बूड आनंदाने धरतो. नळी बदलायची गरज नाही. एक रीमर मागून आत घालायचा, हाताने फिरवत चेंबर सहा मिलिमीटर खोल करायचं, मॅगझिन किंचित लांबवायचं. पुंगळी करायची तर थर्टी-ऑट-सिक्सची मान एका निमुळत्या दांड्यावरून ओढून आठ मिलिमीटरला रुंदावायची. एका दमात होतं. दारू जास्त मावते, गोळी वेगाने जाते, पुंगळ्या फुकट. पन्नाशीच्या दशकात असा रीमर अमेरिकेतल्या किती गराजांत फिरला असेल!

आणि हा त्यांनी स्वतः फिरवला होता. ते अल्टूनाच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, हे व्याह्यांनी त्या तासात सांगितलं. गनस्मिथने ठसा भिंगाखाली धरला आणि मला बोलावलं. हाताने रीमर फिरवताना जोर कमी-जास्त झाला की धार थरथरते आणि धातूवर पाकळ्यांसारखे पैलू उमटतात. नवशिक्याच्या कामात ते दिसतातच. माझ्या पहिल्या वर्षाच्या बोअरमध्ये ते इतके होते की फोरमनने तो तुकडा माझ्या टेबलावर महिनाभर ठेवायला लावला होता. इथे एकही नव्हता. खांद्यापासून मानेपर्यंत रेषा सरळ, पृष्ठभाग रेशमासारखा. दर पाव फेऱ्याला रीमर बाहेर काढून, कीस पुसून, तेल घालून पुन्हा आत घातला असला पाहिजे. त्याशिवाय हे येत नाही. मी त्या माणसाला पाहिलेलं नाही, त्याची भाषा मला उशिरा आली. पण तो कसा उभा राहिला असेल, कोपर कुठे टेकवलं असेल, हे मला दिसत होतं.

यापुढचा प्रश्न अवघड होता. काय करायचं?

चेंबर म्हणजे काढून टाकलेलं पोलाद. काढलेलं परत भरता येत नाही. म्हणून चेंबर दुरुस्त करायचं तर दोनच दिशा आहेत. जुनी पोकळी गिळून टाकेल अशी मोठी पोकळी करायची, किंवा नळी मागून कापून मागे सरकवायची आणि ताज्या पोलादात नवं चेंबर पाडायचं. दुसरी वाट अमेरिकन फौजेने सरकारी पातळीवर चोखाळलेली आहे. १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफली .३०-०३ काडतुसाच्या होत्या. जर्मनांनी टोकदार, हलकी गोळी आणल्यावर अमेरिकेने १९०६ साली आखूड मानेचं नवं काडतूस केलं आणि बनून पडलेल्या रायफलींच्या नळ्या मागून एक पंचमांश इंच कापून नव्याने चेंबर पाडलं. तेव्हा इंचाचा पाचवा भाग पुरला होता, कारण फरक फक्त मानेचा होता.

आमच्याकडे पुरणार नव्हता. व्याह्यांना रायफल मूळ ८×५७वर आणायची होती. गनस्मिथने पाटीवर दोन्ही आकार एकावर एक काढले. ८×५७चं धड अधिक निमुळतं, ०६चं अधिक भरलेलं. थोडंसं कापून भागलं नसतं. जुन्या धडाची रुंदी नव्याच्या भिंतीत पोटासारखी बाहेर राहिली असती. पोकळी पूर्ण स्वच्छ व्हायला त्याच्या हिशेबाने अर्ध्या इंचाच्या पुढे, आपल्या भाषेत चार सुतांहून जास्त कापायला हवं. म्हणजे नळीचे आटे जवळजवळ सगळे गेले, ते नव्याने पाडा. नळी तेवढी मागे आली की तिच्या पायऱ्या दस्त्यातल्या खोबणीत बसत नाहीत, मागची माशी सरकते. ऐंशी वर्षांच्या नळीवर एवढं काम?

मोठ्या पोकळीची वाट म्हणजे ८×६८ एस. तेही जर्मन, प्रमाणित, जोरकस. त्याचं बूड रुंद, म्हणून बोल्टचं तोंड कोरून मोठं करावं लागेल, आणि दाब ४,४०० बारपर्यंत. "१९४३ सालच्या पोलादावर मी हे करणार नाही," गनस्मिथ म्हणाला. "दुसरा कुणी करेल. त्याच्याकडेही जाऊ नका."

तिसरी वाट सरळ होती. जुनी नळी उतरवायची, नवी थर्टी-ऑट-सिक्सची चढवायची. खर्च हजार डॉलरच्या घरात. काडतूस कुठेही मिळेल, बुडावरचा छाप खरा ठरेल, प्रश्न संपला. खरं सांगतो, घरी परतताना मी याच वाटेचा होतो. टूलरूममध्ये चाळीस वर्षं मी गो आणि नो-गो गेजवर जगलो. गो आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे, बाकी भावना बाजूला. ज्या वस्तूचं माप फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे ती वस्तू माझ्या लेखी सदोष. माझी लेक तर त्याहून स्पष्ट होती. "माझ्या मुलाच्या हातात देणार असाल तर तिला आधी दुकानात मिळणारं काडतूस चालू दे. नाहीतर देऊ नका." विहीणबाईंनी तिची बाजू घेतली. व्याही गप्प.

त्यांना नळी का सोडवत नाही, हे त्यांना सांगता येत नव्हतं. ते ठशाची पुरचुंडी उघडत आणि पुन्हा बांधत.

मला इथे आपल्याकडचं आठवलं. आमच्या जावळीच्या गावात वडिलांच्या चुलत्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बारा बोर होती. तालुक्याच्या गावी एकाकडे इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल. त्या .३१५चा जन्मसुद्धा अशाच अडवणुकीतून झाला. फौजेचं .३०३ नागरिकांना मना, म्हणून आठ मिलिमीटरचं जुनं ऑस्ट्रियन काडतूस थोडं बदलून नागरी रायफल काढली. तसंच इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० मापावर बंदी घातली तेव्हा विलायती कारखानदारांनी .४७० आणि .४६५सारखी नवी मापं काढली, आणि वाघाच्या शिकारीच्या रायफली त्या मापांत येऊ लागल्या. नावाची गंमत तर जिम कॉर्बेटच्या रायफलीतही आहे. तिला .२७५ रिग्बी म्हणतात, पण आत आहे जर्मनांचं ७×५७ मॉझर. भारतात आज हा प्रश्न कारागिराच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, आणि १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीत फेरफार करायला, नुसती दुरुस्ती करायलासुद्धा परवाना लागतो. मला ते योग्य वाटतं. अमेरिकेत मात्र आपल्या रायफलीचं चेंबर माणूस आपल्या गराजात बदलू शकतो, आणि त्याने काय केलं हे कुठेही नोंदवलं जात नाही. ब्रिटनमध्ये निदान प्रूफ हाउस आहे. चेंबर बदललं तर नळी पुन्हा तिथे नेऊन जादा दाबाचा बार काढून तपासायची आणि छाप घ्यायचा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३पासून हे करतं. अमेरिकेत तशी सक्ती नाही. ते स्वातंत्र्य व्याह्यांच्या वडिलांनी उत्तम वापरलं, पण त्याची चिठ्ठी मागे ठेवायची राहून गेली. सगळा घोटाळा एवढाच होता.

हे ध्यानात आल्यावर माझं मत फिरलं. चेंबरमध्ये दोष नव्हता. ठसा पाहिलेला कुणीही तसं म्हणणार नाही. दोष नावात होता. रायफल जर्मन दिसते म्हणून ८×५७ घालावंसं वाटतं, आणि ते आत जातं. पुंगळ्या थर्टी-ऑट-सिक्स म्हणतात म्हणून तेही घालावंसं वाटेल, आणि तेही आत जाईल. तेव्हा .३०८ इंचाची गोळी .३२३च्या नळीतून खुळखुळत कुठेतरी जाईल, आणि कुठे ते कुणालाच कळणार नाही. दोन चुकीची काडतुसं स्वीकारते आणि योग्य असलेल्याचं नाव सांगत नाही, अशी ही रायफल. तिला कापायचं कशाला? तिचं नाव तिच्यावर कोरायला हवं.

मी हे जेवणाच्या टेबलावर मांडलं तेव्हा लेकीने विचारलं, "आणि मुलाचं काय?" ती बरोबर होती. मापाचा प्रश्न सुटला म्हणून मुलाचा सुटत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला थंडीत, काळोखात, बोटं बधिर झालेली असताना डब्यातून काडतूस उचलायचं असतं. त्या क्षणी त्याच्या हातात चुकीचं काही येऊच शकणार नाही अशी सोय हवी, सूचना पुरत नाहीत. व्याह्यांनीच तोड काढली. नातवाला हलकी, नवी .३०८ मापाची रायफल. काडतूस दुकानातलं, नळीवर नाव कारखान्याचं. मॉझर मोसमात फक्त त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर, वर्षातून एक दिवस, पाच काडतुसांसह. आठ मिलिमीटर मॉझरचा उरलेला डबा गनस्मिथकडे. वडिलांची सतरा काडतुसं मात्र उडवायची नाहीत. दारू कोणती, किती जुनी, कोण सांगणार? ती सुटी करून पितळ ठेवायचं. नव्या पुंगळ्या गनस्मिथ भरून देईल आणि त्यांच्या बुडांना लाल रंग लावेल, कारण बुडावरचा छाप थर्टी-ऑट-सिक्सच राहणार, तो बदलता येत नाही.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. थोरल्या भावाला वाटतं, हजार डॉलर खर्चून नळी बदलायला हवी होती. आमच्यानंतर ही रायफल कोणाच्या हाती जाईल, आणि तो वाचेल की नाही? या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. नातवाच्या पुढे मी बघू शकत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे, नातवासह, पुन्हा गनस्मिथकडे गेलो. गेल्या खेपेला पुण्याहून येताना नातवाला शिकवण्यासाठी मी माझा पंचांचा डबा आणला होता. तीन मिलिमीटरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे, वापरून कडा गोल झालेले. गनस्मिथचा संच त्याहून चांगला होता, पण व्याही म्हणाले, हाच वापरा. रायफलच्या अनुक्रमांकाला धक्का लावणं हा मोठा गुन्हा, म्हणून त्याच्यावर आधी चिकटपट्टी लावली. नाव कोरायची जागा नळीच्या डाव्या अंगाला निवडली, चेंबरच्या पुढे, पोलाद जाड आहे तिथे. नळी शिशाच्या गादीवर आवळली.

पंचांच्या डब्यात आडवी रेघ नसते. गनस्मिथ क्षणभर थबकला. नातवाने डब्यात बोट फिरवलं, आय हे अक्षर उचललं आणि आडवं धरून दाखवलं. गनस्मिथने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग पंच घेतला.

दुसरी अडचण मला ठाऊक होती, कारण तिने मला एकदा आख्खी डाय भंगारात टाकायला लावली होती. आकड्यांच्या संचात दहा नव्हे, नऊच पंच असतात. सहाचा पंच उलटा धरला की तोच नऊ. पंच हातात धरलेला असताना त्याचं तोंड खाली असतं, आकडा दिसत नाही. अंगावर खूण असते, पण माझ्या संचातली ती कधीच झिजून गेली होती. मी गनस्मिथला सांगितलं. त्याने मान हलवली, बाकाखालून पितळी पट्टीचा तुकडा काढला आणि नातवाच्या हाती हातोडी दिली.

मुलाने पंच धरला, एकच ठोका मारला, पट्टी दिव्याखाली नेली. नऊ.

त्याने पंच बोटांत अर्धा फिरवला, वरच्या बाजूला खडूने रेघ ओढली, आणि पुन्हा ठोका मारला.